फौजी न्हाई जी

“फौजी होतास का?” नलवडे सुभेदारांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

“न्हाई जी. मी फौजी न्हाई.”

एसटी स्टँडच्या मागे, गाड्या धुतात त्या बाजूला, एका पत्र्याखाली तो बसला होता. अंगात मिलिटरीचा जाड ओव्हरकोट, कोपरांवर विरलेला. दाढी छातीवर आलेली. उजव्या पायाला मळकं बँडेज होतं आणि त्याचा वास लांबूनही येत होता. सुभेदारांनी नाकाला रुमाल लावला नाही, त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात मार्क दिले. एरवी त्यांना मार्क देण्याची वेळ माझ्यावर फारशी येत नसे.

मी तेव्हा जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात कारकून होते. माझा नवरा उत्तरेकडे बर्फातल्या एका चौकीवर कामी आला, त्यानंतर ही नोकरी मला मिळाली. नलवडे सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडे कल्याण संघटक म्हणून आलेले. गावोगाव फिरून माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा शोधायच्या, त्यांना जे मिळायला हवं ते त्यांच्या पदरात पाडायचं, हे त्यांचं काम. कामाला वाघ माणूस, पण बोलणं सगळं परेड मैदानावरचं. चहा सांगितला तरी शेजारच्या कचेरीतले लोक दचकायचे.

त्या पत्र्याखालच्या म्हाताऱ्याची खबर दिली ती स्टँडवरच्या हमीदभाई चहावाल्याने. मी रोज गावाहून एसटीने ये-जा करायचे, त्यामुळे हमीदभाईची आणि माझी ओळख. तो म्हणाला, “बाई, एक म्हातारा चार महिने झाले इथंच पडून आहे. अंगावर मिलिटरीचा कोट आहे, झोपेत हिंदी बोलतो. तुमच्यापैकीच दिसतो. पाय पार सडत चाललाय, बघा काही होतं का.” सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही मी भेटून आले. त्यांनी सरळ सांगितलं, साखर आहे, रोज पट्टी बदलली, कोरड्या जागी झोपला आणि वेळेवर खाल्लं तर पाय राहील. स्टँडवर राहिला तर कापावा लागेल, आणि या वयात कापला तर माणूस राहील याची खात्री नाही.

कोरडी जागा आमच्याकडे होती. गावाबाहेर माळावर माजी सैनिकांचा निवारा होता, ज्यांना कुणी नाही अशांसाठी. रोज कंपाउंडर येणार, दोन वेळचं गरम जेवण. तिथली एक खाट नुकतीच रिकामी झाली होती. पण शेजारच्या जिल्ह्याने तिच्यावर डोळा ठेवला होता आणि शनिवारपर्यंत आमचा माणूस नाही गेला तर ती त्यांना द्यावी लागणार होती. नियम एकच, माणूस फौजेतला हवा.

आता यात गंमत अशी की, फौजेत नसलेले फौजी आमच्याकडे पुष्कळ येत. कुणी होमगार्ड, कुणी साखर कारखान्यावरचा वॉचमन, एक तर नाटक कंपनीत शिपायाचं काम केलेला. छाती पुढे काढून, सलाम ठोकून, ऐकलेल्या लढायांच्या गोष्टी सांगून ते सुभेदारांचं डोकं खायचे. सुभेदार त्यांना बरोबर उघडे पाडत. पण खाट समोर वाढून ठेवली असताना तिला नको म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

“बंदूक चालवलीस कधी?”

“न्हाई जी.”

“कुठल्या लढाईत होतास?”

“न्हाई.”

“मग हा कोट कुठला?”

“एका सायबांनी दिला जी. जाताना.”

सुभेदारांची नजर त्याच्या शेजारी ठेवलेल्या चामड्याच्या जुन्या पिशवीकडे गेली. तिच्यातून वस्तऱ्याची मूठ आणि चेपलेली वाटी दिसत होती. “आणि हे?”

“धोपटी. मी न्हावी हाय.”

“असं,” सुभेदार म्हणाले आणि वळले. जीपकडे जाताना त्यांनी मला ऐकवलं की, प्रामाणिक माणूस आहे, त्याच्यासाठी समाजकल्याणवाल्यांना फोन करा, पण आपला नाही. कोटाचं काय, बाजारात ढिगाने मिळतात. मी म्हटलं, समाजकल्याणवाले फोन उचलेपर्यंत पाय जाईल. ते म्हणाले, “बाई, नियम मी केला नाही.” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. त्यावर बोलायला जागा नसायची.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी दवाखान्यातून पट्ट्या आणि मलम घेतलं आणि माझी गाडी लागेपर्यंत त्या पत्र्याखाली जाऊन बसले. फार मोठं पुण्य करायला गेले होते असं नाही. त्या माणसाचं ‘न्हाई जी’ कानात बसलं होतं. खोटं बोलणारा माणूस ‘होय’ म्हणतो, याची मला सवय होती. याचं ‘नाही’ कुठेतरी दुखऱ्या जागेवरून येत होतं, एवढं कळत होतं.

नाव विचारलं तर शिदू टिपुगडे म्हणाला. सगळे शिदूनाना म्हणतात. पट्टी सोडताना त्याने तोंडातून आवाज काढला नाही. उलट, पाणी अजून थोडं कोमट पाहिजे, असं मलाच शिकवलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गावातली खोली पुतण्याने घेतली. मग तो इथे स्टँडच्या पिंपळाखाली आरसा टांगून बसायचा. स्टँड मोठा करताना पिंपळ तोडला आणि पाठोपाठ पायाचं सुरू झालं. हे सगळं त्याने तिसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

मी जरा चेष्टेने म्हटलं, “नाना, न्हावी माणूस आणि दाढी एवढी?”

“न्हाव्याची दाढी दुसऱ्या न्हाव्यानं करायची असती ताई. आमच्यात तसंच हाय. मी तुमची करनार, तुम्ही माझी. हितं दुसरा कोन हाय?”

मग त्यानेच विचारलं, तुमचं मालक फौजी का. मी ‘होते’ म्हणाले. कुठे होते, तर वर, बर्फात. मग त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं.

“पेटीतनं आलं?”

“हो.”

“दाढी केलेली हुती?”

मी मलमाची डबी खाली ठेवली. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. सांत्वनाला आलेल्या बायांनी नाही, भाषणं करून गेलेल्या पुढाऱ्यांनी नाही. आणि हाच प्रश्न मी स्वतःला कितीदा तरी विचारला होता. सुट्टीवर यायचा तेव्हा माझा नवरा भली मोठी दाढी घेऊन यायचा. वर थंडीने कातडी फाटते, दाढी कोण करतंय, असं म्हणायचा. आणि पेटी उघडली तेव्हा गाल गुळगुळीत होता. सासूबाईंनी त्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आत्ताच न्हाव्याकडून आल्यागत दिसतोय गं. मला तेव्हा वाटलं, माझ्याच डोळ्यांना भास होतोय.

“केलेली होती,” मी म्हटलं. “तुम्हाला कसं माहीत?”

“मला त्येंचं कसं म्हाईत आसंल? पन कुनीतरी केली आसनार. आमचं कामच त्ये.”

“आमचं म्हणजे कुणाचं, नाना?”

“मिलिटरी दवाखान्यातल्या न्हाव्याचं.” तो पायाकडे बघत बोलत होता. “जखमी यायची, त्येंची डोकी, दाढ्या करायच्या. डागदर म्हनत्याल तिथलं क्यास काडायचं. आन् जी ग्येली, त्येंची बी करायची. घरच्यांनी तोंड बगायचं असतंय नव्हं. कातडं आकडल्यालं असतंय, त्येच्यावर ऊन पान्याचं फडकं ठिवायचं, मग हळूहळू.”

किती वर्षं केलंत, विचारलं तर म्हणाला, दहा-बारा. रीतसर भरती झाला होता, वर्दी होती, नंबर होता. बायको आजारी पडली म्हणून सोडून आला, त्यामुळे पेन्शन नाही. जाताना तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतःचा कोट अंगावर घातला.

मी म्हटलं, “अहो मग काल सुभेदारांना नाही का म्हणालात?”

“त्येनी फौजी का म्हनून इचारलं. मी न्हावी.”

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की, मला रागवावं की रडावं कळेना. मग त्याने पुढचं सांगितलं. त्याचं गाव फौजींचं. घरटी एक माणूस फौजेत. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्या असतात. पहिल्याच वर्षी तो कोट घालून गेला आणि एका खुर्चीवर बसला. तिथल्या एका सुभेदारानेच हसत विचारलं, शिदा, तू हितं कुठं, वस्तऱ्यानं किती दुश्मन मारलंस? सगळं मैदान हसलं. “मी बी हसलो,” तो म्हणाला. त्यानंतर पोरं ‘फौजी न्हावी, फौजी न्हावी’ करत मागे लागायची. तेव्हापासून त्याने सांगायचं सोडलं. कोट मात्र सोडला नाही, कारण ऊब देतो.

माझी गाडी लागली होती. मी गेले, पण त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या नवऱ्याच्या गालावर कुणीतरी ऊन पाण्याचं फडकं ठेवलं होतं. त्या माणसाला मी कधी बघणार नव्हते. आणि तोही कुठल्यातरी स्टँडवर, मी फौजी न्हाई जी, म्हणत बसला असेल, हे मला सहन होत नव्हतं.

सकाळी कचेरीत पोचले तर सुभेदार फोनवर होते. शनिवार होता. पलीकडच्या जिल्ह्याच्या साहेबांना ते खणखणीत आवाजात सांगत होते की, आमच्याकडे सध्या कुणी नाही, खाट तुम्ही... मी पुढे होऊन फोनचा खटका दाबला. असं धाडस मी नोकरीत पहिल्यांदा आणि शेवटचं केलं. सुभेदारांचे डोळे एवढे मोठे झाले.

“बाई, हा काय प्रकार?”

मी सगळं सांगितलं. कोण बोललं, काय बोललं, गावात काय झालं. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. नियम त्यांना पाठ होता. न्हावी, धोबी, आचारी, कुणीही असो, फौजेत भरती झाला, नंबर मिळाला की तो बंदूक चालवो नाहीतर कढई ढवळो, माजी सैनिकच. त्यांनी स्वतः दोन आचाऱ्यांना याच नियमाने मदत मिळवून दिली होती.

“तो न्हावी म्हणाला आणि मी ऐकून घेतलं नाही,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीबाहेर गेला नसेल. “तीस वर्षं पलटणीच्या न्हाव्यापुढं मान खाली घालून बसलो मी. तीस वर्षं.”

मग त्यांनी टोपी घातली, पलीकडच्या साहेबांना फोन लावून खाट भरली म्हणून सांगितलं आणि जीप काढली.

शिदूनाना पत्र्याखालीच होता. सुभेदार त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी फौजी का, असं विचारलं नाही. एकच शब्द विचारला, फौजेत पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला विचारतात तो.

“ट्रेड?”

“बार्बर, साब.”

उत्तर विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं होतं. बसल्या जागी त्याची पाठ ताठ झाली होती. सुभेदारांनी नंबर विचारला आणि त्याने हिंदीत एका दमात सगळे आकडे म्हणून दाखवले. हमीदभाई चहाची किटली घेऊन तिथेच उभा होता, तो माझ्याकडे बघून हसला.

मला वाटलं, झालं काम. पण शिदूनानाची पाठ पुन्हा वाकली. सुभेदारांनी नियम समजावला, निवारा समजावला, पायाचं तर दोनदोनदा सांगितलं. तो मान हलवत राहिला. शेवटी हात जोडून म्हणाला, “सायेब, नियमात बसत आसंन मी. पन तिथं सगळी लढून आल्याली मानसं. त्येंच्यात मी कुठं बसू? दुसऱ्या दिशी दाढी करायला रांग लागंल माझ्या म्होरं. आन् न्हाई लागली, तर पंगतीला कुनीतरी इचारंलच, तू रं कुठं लढलास. पाय ग्येला तर जाऊ द्या. पुन्यांदा तसं हसायला नगं कुनी.”

मला वाटलं, आता सुभेदार आवाज चढवणार आणि म्हातारा आणखी आत जाणार. पण त्यांनी टोपी काढून हमीदभाईच्या हातात दिली आणि बाह्या वर केल्या. शिदूनानासमोर खाली, ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या पँटीनिशी मांडी घालून बसले. धोपटी पुढे ओढली आणि हमीदभाईकडे गरम पाणी मागितलं.

“बाई म्हणाल्या, न्हाव्याची दाढी दुसऱ्यानं करायची असते.”

“दुसऱ्या न्हाव्यानं जी,” शिदूनाना घाबरून म्हणाला. “तुम्ही... तुम्ही नगा. लोक बगत्यात.”

“बघू दे.”

लोक खरंच बघत होते. ड्रायव्हर, कंडक्टर, गाड्या धुणारी माणसं. एक म्हातारी पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. नलवडे सुभेदारांना फौजेत कसली कसली पदकं मिळाली होती, पण दाढी करण्याचं काम त्यांना काडीचं येत नव्हतं. आधी कात्रीने दाढी वेडीवाकडी कापली. साबण एवढा फासला की शिदूनानाचे डोळेच दिसेनात. वस्तरा धरला तो पेन धरल्यासारखा. म्हाताऱ्याने दोनदा अंग चोरलं आणि मग त्याच्यातला कारागीर जागा झाला.

“आडवा न्हाई सायेब, तिरपा. कातडं ताना डाव्या हातानं. हां. उलटा फिरवू नगा.”

“असं?”

“आसं. आन् बोला की कायतरी. दाढी करताना न्हावी गप बसत न्हाई. गप न्हाव्याची भीती वाटती मानसाला.”

“काय बोलू?” सुभेदार म्हणाले. घाम त्यांच्या नाकाच्या टोकावर आला होता. “तुम्ही काय बोलायचात दवाखान्यात?”

‘तुम्ही’ म्हणाले ते. त्यांच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक. माझ्या आलं आणि शिदूनानाच्याही आलं असावं, कारण तो जरा थांबून बोलला.

“जखमींसंगं पाऊसपान्याचं बोलायचो जी. गाव कंचं, लेकरं किती.”

“आणि जे गेले, त्यांच्यापुढं गप्पच?” हे मी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं.

“न्हाई ताई. त्येंच्यासंगं बी बोलायचो. गप कसं करायचं? आपल्याच पोरावानी पोरं ती.” साबणाने माखलेलं त्याचं तोंड माझ्याकडे वळलं. “लई न्हाई बोलायचो. म्हनायचो, राव, घरी निगालाय तुम्ही. आई बगनार हाय. जरा मान वर करा.”

गाडी धुणाऱ्या पोरांनी नळ बंद केला. मी पदर तोंडाला लावला आणि मला जेवढं रडायचं होतं तेवढं तिथे स्टँडवर, सगळ्यांसमोर रडून घेतलं. पेटी आली त्या दिवशीही मी तशी रडले नव्हते.

सुभेदारांचा हात थांबला होता. त्यांनी वस्तरा पुसला, साबणाचा फेस बाजूला काढला. मग डाव्या हाताने त्याच्या हनुवटीला अगदी हलकं बोट लावलं.

“शिदूनाना,” ते म्हणाले, “घरी निघालाय तुम्ही. जरा मान वर करा.”

शिदूनानाने डोळे मिटले आणि मान वर केली.